छापखान्यात उभी जेन आव्रिल: तुलूझ-लोत्रेकचं १०० प्रतींचं शिळाछाप

टिपकागद

मर्यादित आवृत्तीच्या शिळाछापाचा (म्हणजे लिथोग्राफ, दगडावर काढून कागदावर छापलेलं चित्र) विषय निघाला की पहिला प्रश्न सहीचा असतो आणि दुसरा नंबराचा. सही हाताची आहे का, शंभरातली कितवी प्रत, दगड नंतर पुसला का. छापलं कुणी, हे फारसं कुणी विचारत नाही. म्हणून या धाग्यासाठी मुद्दाम असं चित्र घेतलंय, ज्यात छापणारा माणूस चित्रातच आहे.

साल १८९३, शहर पॅरिस. आंद्रे मार्ती नावाच्या प्रकाशकाने 'लेस्तांप ओरिजिनाल' (म्हणजे 'मूळ छापचित्र') नावाची चित्रमालिका सुरू केली. दर तीन महिन्यांनी एक आल्बम काढायचा, त्यात वेगवेगळ्या कलावंतांची मूळ छापचित्रं असायची, आणि प्रती फक्त १००. १८९५ पर्यंत असे नऊ आल्बम निघाले. गोगँ, व्हिस्लर, रदाँ, बोनार, व्हुयार, पिसारो असे सत्तरच्या वर कलावंत त्यात आले. पहिल्या वर्षाच्या आल्बमांचं वेष्टण करायचं काम मार्तीने चित्रकार आंरी द तुलूझ-लोत्रेकला दिलं. तो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता, आणि दगडावर काम सुरू करून त्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती.

मूळ छापचित्रांच्या आल्बमावर काय काढावं? एखाद्याने कलादेवता काढली असती. लोत्रेकने छापखाना काढला. फोबूर सँ-दनी रस्त्यावरचा आंकूरचा छापखाना, जिथे तो स्वतः काम करायचा. मागे हातयंत्रावर तिथला म्हातारा कारागीर कोतेल आहे. सगळे त्याला 'पेर कोतेल' म्हणत, म्हणजे आपल्याकडे वडीलधाऱ्या कारागिराला बाबा म्हणतात तसं. डोक्यावर टोपी, अंग यंत्राकडे झुकलेलं, हात चक्रावर. पुढे जेन आव्रिल, मुलँ रूज या पॅरिसच्या नाचघरातली नर्तकी. टोपी, अंगभर झगा, हातात नुकताच निघालेला कागद. ती नाचत नाही, आपल्याकडे बघतही नाही. तिचं सगळं लक्ष त्या कागदावर आहे.

मला हे चित्र मोठं वाटतं ते याच गोष्टीसाठी. एका बाजूला छापणारा, दुसऱ्या बाजूला बघणारी. दोघंही आपापल्या कामात गढलेले, एकमेकांकडे कुणाचं लक्ष नाही. चित्रकार स्वतः चित्रात नाही. त्याने जागा दिली ती ज्याच्या हातून चित्र कागदावर उतरतं त्याला, आणि ज्याच्या नजरेसाठी ते उतरतं त्याला.

आता याच्या शेजारी लोत्रेकची त्याच सुमाराची आणखी दोन कामं ठेवा. 'जार्दँ द पारी' या नाचगाण्याच्या जागेच्या भित्तिपत्रकात आव्रिल रंगमंचावर आहे, एक पाय वर उचललेला, काळे मोजे, खाली वादकाचा हात आणि वाद्याची मान. 'दिव्हाँ जापोने' या दुसऱ्या तशाच जागेच्या भित्तिपत्रकात ती प्रेक्षकांत बसली आहे, आणि मंचावरची गायिका इव्हेत गिल्बेर मानेपासून वर कापलेली, ओळख पटते ती तिच्या लांब काळ्या हातमोज्यांवरून. आणि या तिसऱ्या चित्रात आव्रिल छापखान्यात. एकच बाई नाचणारी, बघणारी आणि पारखणारी. पहिली दोन जाहिरातीची कामं, भिंतीवर डकवायची. तिसरं शंभर प्रतींचं, संग्राहकाच्या हातात जाणारं. तिथे तिला नाचवायचा मोह त्याने टाळला, यातच त्याला तिच्याबद्दल काय वाटत होतं ते कळतं.

चित्र बघून काय वाटतं ते लिहा. तंत्राबद्दल जाणणाऱ्यांनी जरूर लिहावं.

---

खडूफळा

सुरेख लिहिलंय. छापखाना हाच विषय करणं ही कल्पनाच भारी आहे. एक शंका. लोत्रेक दगडावर थेट काढायचा म्हणजे सगळं उलटं काढायचा का? आणि एवढे रंग एका दगडावर कसे बसतात?

---

ओलं फडकं

खडूफळा, मी स्वतः दगडावर काम केलेलं आहे, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

हो, थेट दगडावर काढलं की चित्र आरशातल्यासारखं उलटं छापून येतं. अक्षरं असली तर तीही उलटी लिहावी लागतात. खास कागदावर सुलटं काढून ते दगडावर उतरवण्याची सोयही होती, पण दगडावर खडू फिरवताना जो पोत मिळतो तो त्यात पुरता येत नाही.

मूळ तत्त्व साधं आहे: तेल आणि पाणी मिसळत नाही. १७९० च्या दशकाच्या शेवटी बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डरने ही पद्धत शोधली, आणि त्यासाठी लागणारा उत्तम चुनखडीचा दगड तिथल्याच सोल्नहोफेनचा. दगड वाळू टाकून दुसऱ्या दगडाने घासायचा, हवं तसं बारीक दाणेदार अंग आणायचं. त्यावर चरबीयुक्त खडूने किंवा शाईने काढायचं. मग गोंदाच्या पाण्यात किंचित नायट्रिक आम्ल घालून ते फिरवायचं. जिथे चरबी आहे तिथला दगड शाई धरतो, बाकीचा पाणी धरतो. छापताना दर वेळी आधी ओलं फडकं, मग शाईचा रूळ, मग कागद, मग दाब. एका प्रतीसाठी हे सगळं एकदा. फडकं जास्त ओलं झालं तर बारीक जागा शाई घेत नाहीत, कमी झालं तर कोरा भाग मळतो. हा अंदाज कोतेलसारख्याच्या मनगटात असतो.

रंगांचं म्हणाल तर प्रत्येक रंगाला वेगळा दगड. आधी मुख्य रेषांचा दगड करायचा. त्याचा ठसा घेऊन त्यावर लाल खडूची पूड लावायची आणि बाकीच्या दगडांवर ती बाह्यरेषा उतरवायची. या पुडीत चरबी नसल्यामुळे ती छापून येत नाही, फक्त कुठला रंग कुठे भरायचा ते दाखवते. मग प्रत्येक रंगासाठी तोच कागद पुन्हा यंत्राखाली, खुणेवर खूण बसवून. सुताभराने सरकला तर प्रत वाया.

लोत्रेकची खासियत म्हणजे तुषार. दात घासायच्या ब्रशने शाई दगडावर उडवायची. आव्रिलच्या या चित्रातही ते दाणे आहेत. खडूने छटा भरली की तिथे हाताची दिशा दिसते. तुषारांना दिशाच नसते, त्यामुळे रंग हवेसारखा पसरतो आणि सपाट राहूनही मेलेला वाटत नाही. जपानी लाकूडठशांकडून त्याने सपाट रंग आणि कापलेली चौकट घेतली हे सगळेच सांगतात. हे तुषार मात्र दगडाचे. लाकडात ते होत नाहीत.

---

वाळूचा कण

चित्र मलाही आवडतं. पण 'मर्यादित आवृत्ती' या प्रकाराबद्दल माझा मूलभूत आक्षेप आहे, तो इथेच मांडतो.

सुईने तांब्यावर थेट कोरलेल्या चित्राच्या प्रती कमी का, ते समजतं. सुईने उठलेली धातूची कड काही डझन प्रतींत दबून जाते. दगडाचं तसं नाही. लोत्रेकचं १८९१ चं मुलँ रूजचं पहिलं भित्तिपत्रक तीन हजारांच्या आसपास छापलं गेलं. म्हणजे दगड हजारो प्रती देतो. मग इथे शंभरच का? तंत्राची गरज नव्हती. शंभर हा व्यापाराचा निर्णय होता. भिंतीवर फुकट दिसणारी कला काही श्रीमंतांच्या कपाटात नेली, एवढंच झालं. ज्या माध्यमाचा मोठेपणाच पुष्कळांपर्यंत पोचण्यात आहे, त्याला मुद्दाम लगाम घालणं मला पटत नाही.

---

टिपकागद

वाळूचा कण, तुमचं तांत्रिक म्हणणं शंभर टक्के खरं आहे. दगड थकला म्हणून शंभरावर थांबले असं कुणी म्हणत असेल तर ते चूक. तो निर्णयच होता.

पण निर्णयाने काय साधलं ते बघू. १८९३ मध्ये मार्तीनेच लोत्रेकचं 'लोई फुलर' हे चित्र प्रकाशित केलं. अमेरिकन नर्तकी, दोन काठ्यांवर वारच्या वार रेशीम फिरवायची आणि तिच्यावर विजेचे रंगीत झोत पडायचे. त्या चित्राच्या साठेक प्रती निघाल्या, आणि प्रत्येक प्रतीची शाई वेगळी. कुठे जांभळट, कुठे हिरवट, कुठे राखी. काहींवर सोन्याची नाहीतर चांदीची पूड. झोत बदलले की तिचं रेशीम बदलायचं, तसं चित्रही प्रतीगणिक बदलतं. हे तीन हजार प्रतींत करता आलं असतं का? प्रत्येक प्रतीला दगडावर शाई हाताने मिसळायची म्हणजे छापणारा जवळजवळ चित्रच काढतो. इथे कमी प्रती म्हणजे प्रत्येक प्रतीला दिलेला वेळ.

आव्रिलच्या चित्रात रंग बदलते नाहीत, पण कागद आणि छपाईची निगा तीच. भित्तिपत्रक पावसात भिजून आठवड्यात फाटायचं ठरलेलं असतं, म्हणून कागद स्वस्त. आल्बमाचं तसं नाही.

लोत्रेकने दोन्ही केलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जवळपास दहा वर्षांत साडेतीनशेच्या वर शिळाछापं, त्यातली तीसेक भित्तिपत्रकं. त्याने रस्ता सोडला आणि कपाट धरलं असं झालेलं नाही.

---

वाळूचा कण

लोई फुलरचा मुद्दा मान्य. तिथे कमी प्रती हा चित्राचाच भाग आहे. बाकी ठिकाणी माझं मत कायम.

---

जुनी वही

शंभराचा आकडा टाकला की श्रीमंत धावत येतात असं काही तेव्हा नव्हतं, एवढं सांगायला लिहिते आहे. लोत्रेकचीच १८९६ ची 'एल' (म्हणजे 'त्या') ही मालिका घ्या. गुस्ताव्ह पेले प्रकाशक, छपाई ओग्यूस्त क्लोची, दहा चित्रं, शिवाय वेष्टण आणि मुखचित्र. प्रती १००. कागदसुद्धा खास करवून घेतला, त्याच्या पाणखुणेत (कागद उजेडात धरला की दिसते ती खूण) पेले आणि लोत्रेक दोघांची नावं. एवढं करून संच खपला नाही. शेवटी पेलेला चित्रं सुटी विकावी लागली.

कारण उघड आहे. कुंटणखान्यातल्या बायकांवरची मालिका म्हटल्यावर घेणाऱ्यांच्या अपेक्षा काय असणार ते सांगायला नको. चित्रांत काय आहे? एक बाई वाकून तोंड धुते आहे. एक केस विंचरते. एक अंथरुणातून उठायला तयार नाही. पहिलं चित्र तर विदूषकिणीचं, शा-यू-काओ, पिवळी झालर, काळे घट्ट पायमोजे, पाय फाकवून बाकावर बसलेली आणि दमलेली. कुणाला रिझवण्यासाठी त्यातली एकही बाई बसलेली नाही.

एका चित्रात लोत्रेकने किती पाहिलं असेल याचा विचार केला की मला त्या विदूषकिणीचे दोन्ही हात आठवतात. मांड्यांच्या मध्ये एकत्र आलेले, काम संपलेले हात. आव्रिलचे कागद धरलेले हात आणि हे हात शेजारी ठेवून बघाच.

---

उंबरठा

लोत्रेकबद्दल वाचलं की दारू, बुटकेपणा, नाचगाण्याच्या जागा, एवढंच पुढे येतं. तो सरदार घराण्यातला होता ना? मग हे सगळं बंड म्हणून होतं का?

---

जुनी वही

उंबरठा, घराणं जुनं, दक्षिण फ्रान्समधलं. जन्म आल्बीचा, २४ नोव्हेंबर १८६४. आईवडील एकमेकांची सख्खी मावसभावंडं. हाडं ठिसूळ. तेराव्या वर्षी एक मांडी मोडली, पुढच्या वर्षी दुसरी. पायांची वाढ थांबली, धड मात्र पूर्ण वाढलं. घोडेस्वारी आणि शिकार हेच ज्या घरात पुरुषाचं जगणं, तिथे तो मुलगा अंथरुणात पडून घोडे काढत राहिला.

बंड म्हणून तो पॅरिसच्या मोंमार्त्र वस्तीत गेला असं मला वाटत नाही. तिथे त्याला काम मिळालं आणि माणसं मिळाली. आव्रिलचंच बघा. तिचं बालपण हालाचं. शरीराला झटके देणाऱ्या विकारासाठी किशोरवयात तिला पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात ठेवलं होतं, मज्जाविकारांचे नामांकित डॉक्टर शार्को यांच्या विभागात. तिथून ती नर्तकी झाली. ज्यांची शरीरं लोक टक लावून बघायचे अशी ही दोघं. छापखान्याच्या चित्रात तो तिला अशी जागा देतो जिथे बघण्याचं काम तिचं आहे. मला ही मैत्रीची खूण वाटते.

शेवट लवकर झाला. १८९९ मध्ये लोत्रेकला पॅरिसजवळच्या नयीच्या एका दवाखान्यात ठेवलं, तिथे त्याने नुसत्या आठवणीतून सर्कशीची चित्रं काढली. ९ सप्टेंबर १९०१ ला गेला. वय छत्तीस. शार्को, साल्पेत्रिएर, दवाखाना या सगळ्यावर वेगळा धागा होईल, इथे थांबते.

---

माळ्यावरचा ट्रंक

आपल्याकडे राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला तोही १८९४ चा. म्हणजे अगदी हीच वर्षं. तंत्रही दगडाचंच. मग घराघरातली लक्ष्मी-सरस्वती आणि लोत्रेकची आव्रिल, यांत फरक नेमका कशाचा?

---

ओलं फडकं

चांगला प्रश्न. दगड तोच, तत्त्व तेच. फरक दगडावर कुणी काढलं याचा. रविवर्म्याच्या छापचित्रांत मूळ तैलचित्र आधी होतं, आणि छापखान्यातले कारागीर ते रंगारंगाने वेगळं करून बारीक ठिपक्यांनी दगडांवर उतरवत. कौशल्य अफाट, पण ती एका चित्राची प्रतिकृती. लोत्रेकच्या बाबतीत दगडाच्या आधी पूर्ण चित्र कुठेच नसतं. कच्ची रेखाटनं असतात. चित्र पहिल्यांदा पुरं होतं ते सगळे दगड छापून झाल्यावरच. मार्तीच्या मालिकेच्या नावातला 'ओरिजिनाल' त्यासाठीच.

यात एक उच्च आणि एक नीच असं मी मानत नाही. कारागिरांची नावं दोन्हीकडे बहुतेक हरवली. म्हणून टिपकागद यांनी कोतेलवर बोट ठेवलं ते मला फार पटलं.

---

खडूफळा

आता अगदी व्यवहाराचं विचारते. ऑनलाइन 'लोत्रेक लिथोग्राफ, मर्यादित आवृत्ती, नंबरसह' म्हणून ढीगभर चित्रं विकायला असतात. काही तर २५००, ५००० प्रतींची. ती काय असतात?

---

ओलं फडकं

बहुतेक वेळा नंतर ऑफसेटवर, म्हणजे फोटोवरून यंत्राने, छापलेल्या प्रतिकृती. लोत्रेक गेल्यावर कितीतरी वर्षांनी छापलेल्या कागदावर कुणीही नंबर टाकू शकतो. तो नंबर त्या प्रतिकृतीच्या गठ्ठ्याचा, लोत्रेकच्या चित्राचा नाही.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि रंगाच्या सपाट भागावर धरा. सारख्या अंतरावरचे ठिपके, फुलासारखी रचना, निळा-गुलाबी-पिवळा-काळा असे चारच रंग दिसले तर ती फोटोवरून केलेली छपाई. दगडाच्या छापात खडूचे दाणे वेडेवाकडे असतात, दोन सारखे नसतात. आणि हिरवा हा हिरव्याच शाईचा असतो, निळ्या-पिवळ्या ठिपक्यांतून जमवलेला नसतो. लोत्रेकच्या तुषारांमुळे मात्र नवखा माणूस फसतो, ठिपके दिसले की छापील वाटतं. ठिपक्यांचा आकार बघा. ब्रशने उडालेले लहानमोठे असतात, काही लांबट, काही एकमेकांत मिसळलेले.

मग कागद. पाणखूण आहे का, कागद त्या काळचा आहे का, शिक्का आहे का. 'लेस्तांप ओरिजिनाल'चा स्वतःचा बिनशाईचा उठावाचा शिक्का होता, तो बोटाला लागतो. आणि एवढं सगळं जुळलं तरी पैसे देण्याआधी छापचित्रांच्या जाणकाराला कागद प्रत्यक्ष हाताळू द्यावा. फोटोवरून निकाल देता येत नाही.

सहीबद्दल: पेन्सिलीने सही करायची प्रथा १८८० च्या दशकात रुळली. त्याआधीच्या कितीतरी अस्सल छापांवर पेन्सिलीची सही नाहीच. उलट इव्हेत गिल्बेरवरच्या १८९४ च्या आल्बमाच्या शंभर प्रतींवर सही गिल्बेरची आहे, जिची चित्रं काढली तिची. सही हा पुरावा पूरक आहे, पहिला नाही.

---

टिपकागद

या शेवटच्या प्रतिसादासाठी मनापासून आभार, हा भाग स्वतंत्र जपून ठेवावा असा आहे.

त्यात एक भर. आव्रिलचं चित्र वेष्टण म्हणून केलेलं असल्याने ते आल्बमावर दुमडलं जायचं. त्यामुळे मधोमध घडी असलेल्या प्रती दिसतात. घडी बघून लोक ती खराब प्रत समजतात. ती घडी वापराची आहे, चित्राच्या कामाचाच भाग. घडी पुसून कागद इस्त्री केल्यासारखा सपाट करणारे लोक चित्राचा इतिहास पुसतात असं माझं स्पष्ट मत आहे.

---

उंबरठा

हे चित्र नीट मोठं करून कुठे बघता येईल?

---

टिपकागद

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडे प्रत आहे आणि त्यांच्या संकेतस्थळावर चित्र मोठं करून बघता येतं. फ्रान्सला जाणं झालंच तर आल्बीचं तुलूझ-लोत्रेक संग्रहालय. जुन्या बिशपवाड्यात आहे, १९२२ मध्ये सुरू झालं. त्याच्या आईने घरातली चित्रं दिली आणि मोरिस जोयाँ या त्याच्या शाळेपासूनच्या मित्राने ते घडवून आणलं. पॅरिसच्या मोठ्या संस्थांनी तेव्हा त्या संग्रहाला दार उघडलं नव्हतं.

मोठं करून बघताना आधी आव्रिलच्या झग्याच्या कडेला जा, तिथून यंत्राकडे सरका. रेषा कुठे संपते आणि नुसता रंग कुठे सुरू होतो ते बघा. मग लोत्रेकच्याच १८९५ च्या 'मार्सेल लेंदर' या चित्राकडे वळा. तिथे आठ रंग आहेत, एकावर एक नेमके बसवलेले. वाळूचा कण यांच्यासाठी खास: ते चित्र जर्मनीतल्या 'पान' या नियतकालिकातून हजारावर प्रतींत गेलं, शिवाय शंभर प्रती वेगळ्या काढल्या. म्हणजे एकच काम दोन्ही वाटांनी गेलं. दोन्हींतल्या प्रती शेजारी ठेवून छपाईत फरक दिसतो का, हे कुणी प्रत्यक्ष बघितलं असेल तर मला वाचायला आवडेल.

---

वाळूचा कण

हे माहीत नव्हतं. शंभर वेगळ्या काढून हजार वाचकांनाही दिल्या, हा मार्ग मला पूर्ण पटतो. 'पान'ची प्रत ज्यांच्या संग्रहात आहे अशा एका ओळखीच्यांना विचारतो आणि इथेच लिहितो.